फळ्यावरच्या चौदा रेघा

अकरावीच्या वर्षी इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाशी आमची पहिली ओळख गाईडमधून झाली. अँग्लो-सॅक्सन, मध्ययुगीन, प्रबोधनकाळ, नवअभिजात, रोमँटिक, व्हिक्टोरियन, आधुनिक अशी नावे एकाखाली एक छापलेली होती, प्रत्येकापुढे चार-चार वैशिष्ट्ये होती आणि ती आम्ही पाढ्यांसारखी पाठ केली होती. आमच्या इंग्रजीच्या सरांनी मात्र एका शनिवारी फळ्यावर चौदा आडव्या रेघा ओढल्या आणि सांगितले, की आता काही आठवडे आपण सॉनेट म्हणजे चौदा ओळींच्या कवितेच्या बाहेर फारसे जायचे नाही. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा त्या रेघांखेरीज दुसरा विषय मनात आलाच नाही.

सॉनेटच्या आधीची शतके सरांनी एका तासात आटोपली. ‘बेवुल्फ’ या महाकाव्यात अंत्ययमक नसते. प्रत्येक ओळ मधोमध दुभंगते आणि तिचे दोन्ही भाग आघात असलेल्या शब्दांच्या अनुप्रासाने सांधलेले असतात, हे त्यांनी टेबलावर चार ठोके देत ऐकवले. १०६६ साली नॉर्मन सत्ता आली, फ्रेंच वळणाची छाप भाषेवर पडली आणि मध्ययुगीन कवी चौसरच्या हाती इंग्रजी कविता यमकात सहज बोलू लागली, एवढे सांगून ते थेट आठव्या हेन्रीच्या दरबारात पोहोचले. त्या घाईत चौसरवर थोडा अन्याय झाला, असे मला आजही वाटते.

इटलीतल्या पेट्रार्कचे सॉनेट इंग्रजीत आणले ते या दरबारातल्या टॉमस वायटने. त्याची आणि अर्ल ऑफ सरेची सॉनेटे १५५७ साली टॉटल या प्रकाशकाच्या संग्रहात छापली गेली, तेव्हा दोघेही हयात नव्हते. इटालियनमध्ये यमके मुबलक आणि इंग्रजीत तुटपुंजी. म्हणून आठ आणि सहा ओळींच्या मूळ मांडणीऐवजी सरेने चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी एक जोडओळ असा साचा रूढ केला, आणि तोच पुढे शेक्सपिअरने वापरला. त्याची १५४ सॉनेटे १६०९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकात तो स्पष्ट सांगतो, की माझ्या प्रियेचे डोळे सूर्यासारखे मुळीच नाहीत. बाहेरून आलेला साचा आपलासा करायचा आणि त्यातल्या ठरीव उपमांना प्रश्न विचारायचा, हे प्रबोधनकाळाचे लक्षण गाईडच्या चार मुद्द्यांत कुठेच नव्हते.

सर सर्वांत जास्त रमले ते मिल्टनपाशी. १६५२ च्या सुमारास त्याची दृष्टी पूर्ण गेली. स्वतःच्या अंधत्वावरच्या सॉनेटमध्ये तो देवाकडे तक्रार मांडतो, की प्रकाश काढून घेतल्यावर माझ्याकडून दिवसभराचे काम कसे मागितले जाते? पेट्रार्कच्या रीतीप्रमाणे विचाराचे वळण नवव्या ओळीत यायला हवे. पण इथे ‘धीर’ एखाद्या व्यक्तीसारखा आठव्या ओळीच्या मध्यावरच उत्तर देऊ लागतो, जणू तक्रार पुरी होण्याचीही त्याला वाट पाहवत नाही. सरांनी आठव्या रेघेच्या मधोमध खडूने एक उभी खूण केली आणि बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. शिवाय मिल्टन कोणत्या काळातला, हा प्रश्न त्यांनी आमच्यावरच सोडला. प्रबोधनकाळात घडलेल्या या माणसाचे महाकाव्य १६६७ साली, म्हणजे राजेशाही परतल्यानंतर सात वर्षांनी, प्रसिद्ध झाले होते.

अठराव्या शतकासाठी त्यांनी एकच नोंद वाचली. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशात सॉनेटचा अर्थ देऊन पुढे लिहिले, की हा प्रकार इंग्रजी भाषेला फारसा मानवत नाही आणि मिल्टननंतर कोणाही थोर माणसाने तो वापरलेला नाही. अलेक्झांडर पोप या कवीच्या नेटक्या, दोन ओळींत मिटणाऱ्या द्विपदीचे ते युग होते, आणि बुद्धी, मर्यादा व नियम यांवरची त्याची निष्ठा या एका नोंदीतून आम्हाला कळली. पुढे वर्ड्‌स्वर्थने पाचशेहून अधिक सॉनेटे लिहिली. रोमँटिक कवी निसर्गाकडे वळतो हे आम्हाला पाठ होते, म्हणून वेस्टमिन्स्टर पुलावरून पहाटेचे धूरविरहित लंडन पाहून भारावलेला वर्ड्‌स्वर्थ वाचताना आम्ही गोंधळलो. ते शहर त्याला पहाटेच्या शांततेत एखाद्या दरीइतके सुंदर दिसले होते. व्हिक्टोरियन काळातल्या एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या १८५० सालच्या ४४ सॉनेटांत शतकानुशतके ऐकत आलेली प्रेयसी स्वतः बोलू लागते, एवढेच सांगायला त्या दिवशी वेळ उरला.

पहिल्या महायुद्धातला सैनिक-कवी विल्फ्रेड ओवेन याने १९१७ साली, प्रेमासाठी घडलेल्या त्याच साच्यात, गुरांसारख्या मरणाऱ्या सैनिकांसाठी कोणती घंटा वाजेल, असे विचारले. ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या एक आठवडा आधी, तो पंचविसाव्या वर्षी मारला गेला. वर्गात तेव्हा जी शांतता पसरली, ती मला आजही आठवते.

शेवटच्या शनिवारी सरांनी रेघा पुसल्या नाहीत. त्यांच्या वर फक्त ‘केशवसुत, १८९२’ असे लिहिले. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही त्यांची कविता मराठीतले पहिले सुनीत, म्हणजे सॉनेट, मानली जाते. इंग्रजी सॉनेटची ओळ साधारण दहा अक्षरांची, तर मराठी सुनीतात पुढे रुळलेल्या शार्दूलविक्रीडित वृत्ताची एकोणीस. म्हणजे चौदा ओळींत तिकडे एकशे चाळीस अक्षरे आणि इकडे दोनशे सहासष्ट. एवढी जागा मिळाल्यावर कवी तिचे काय करतो, असे विचारून सर थांबले, कारण पुढचा तास मराठीचा होता आणि बाई दारात उभ्या होत्या. सरांनी खडू त्यांच्या हाती दिला. बाईंनी फळ्याकडे पाहिले, पहिल्या रेघेवर म, स, ज, स, त, त, ग ही अक्षरे लिहिली आणि आम्ही बोटांवर लघु-गुरू मोजू लागलो.