मॉडरेटर विरुद्ध सभासद: काउंटर-स्ट्राइकचा दोस्तीतला सामना भरवताना

गेमिंग कम्युनिटीत मॉडरेटर (शिस्त सांभाळणारे) विरुद्ध सभासद असा सामना ठरला की सगळे आधी तारीख आणि मॅप (खेळाचं मैदान) ठरवायला बसतात. खरा घोळ मात्र संघनिवडीत असतो. मॉडरेटर आठ-दहा जण, त्यातले खेळू शकणारे सहा. समोर शेकडो सभासद, आणि त्यांतून पुढे येणारे पाच म्हणजे साहजिकच सगळ्यात तयारीचे पाच. मॉडरेटर नेमताना कुणी त्यांचा नेम बघितलेला नसतो; डोकं शांत आहे का, वेळ देतो का, एवढंच बघितलेलं असतं. मग १३–१ असा निकाल लागतो आणि पुढच्या वेळी मॉडरेटरांपैकी कुणी नाव देत नाही.

खालचं सगळं काउंटर-स्ट्राइक २ धरून लिहिलं आहे: पाच-पाच जणांचे दोन संघ, एक बॉम्ब लावायला बघतो, दुसरा अडवायला, आणि आधी १३ फेऱ्या घेईल तो जिंकतो. कन्सोलच्या (गेममधल्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीच्या) आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत; टाइप करताना त्या रोमन लिपीतच लागतात. पहिली काही अक्षरं टाकली की कन्सोल पुढचं सुचवतो, त्यामुळे शोधायला त्रास होत नाही.

नाव नोंदवताना प्रत्येकाकडून प्रीमियर रेटिंग (गेममधल्या क्रमवारीच्या सामन्यांचे गुण), फेसिट या बाहेरच्या मंचावर खेळत असेल तर तिथली लेव्हल, आणि एकूण तास एवढं मागून घ्या. प्रीमियरचं रेटिंग १० विजयांनंतरच दिसायला लागतं, म्हणून नुसत्या रेटिंगवर विसंबता येत नाही. मग ५००० च्या खाली, ५००० ते १००००, १०००० ते १५००० असे गट पाडा. मॉडरेटरांचा संघ आधी जाहीर करायचा आणि त्यांच्यात ज्या गटातले जितके आहेत, तितकेच सभासद त्याच गटातून चिठ्ठ्या टाकून काढायचे. बेरीज जुळवण्याच्या भानगडीत पडू नका. २२००० चा एक आणि ४००० चे चार यांची सरासरी ७६०० येते, पण तो संघ ७६०० च्या पाच जणांसारखा खेळत नाही. तो एकटाच सामना खेळतो आणि बाकीचे बघत बसतात. दोन्ही संघांतल्या सर्वांत वरच्या खेळाडूंमध्ये ५००० पेक्षा जास्त फरक असेल, तर वरच्याला समालोचनाला बसवलेलं बरं. त्याला एडब्ल्यूपी (दुरून मारायची स्नायपर रायफल) घ्यायला बंदी घालून खेळवतात, पण साधी रायफल आणि डीगल हे जबर पिस्तूल हातात असताना त्याने फारसा फरक पडत नाही.

नवख्यांना कच्चा लिंबू म्हणून घेऊ नये. त्यांना एक ठरलेलं काम द्या: सीटी (बॉम्ब अडवणारी बाजू) असताना एकाच साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) जोडीदाराबरोबर थांबणं, टी (बॉम्ब लावणारी बाजू) असताना बॉम्ब घेऊन तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाने आत शिरणं. मॅपही त्या हिशेबाने निवडा. मिराज आणि डस्ट २ बहुतेकांना तोंडपाठ असतात. न्यूकमध्ये दोन्ही बॉम्बसाइट एकावर एक आहेत. पावलांचा आवाज वरून येतोय की खालून, हे नवख्याला शेवटपर्यंत कळत नाही. सात मॅपमधून एक काढायची रीत सोपी आहे: पहिला संघ दोन वगळतो, दुसरा तीन, मग पहिला आणखी एक, उरेल तो खेळायचा. दोस्तीच्या सामन्यात मात्र मतदान घेऊन आठवडाभर आधी मॅप जाहीर केलेला चांगला, म्हणजे नवख्यांना स्मोक (धुराचे ग्रेनेड) टाकायला शिकायला वेळ मिळतो.

आता सर्व्हर. खेळणाऱ्यांपैकी एकाच्या घरच्या संगणकावर तो चालवू नका. त्याचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) जवळजवळ शून्य आणि बाकीच्यांचा ७०, हा अन्याय आहेच. शिवाय पुष्कळ घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसतो, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरचे आत येऊ शकत नाहीत. तासावर भाड्याने मिळणारा सर्व्हर पुरतो. ठिकाण निवडताना दहाही जणांचे पिंग दोन-तीन ठिकाणांसाठी मागवा आणि जिथे सर्वांत वाईट पिंग सर्वांत कमी राहतो ते ठिकाण घ्या. सरासरी फसवते. सगळे ६० वर असले तर कुणी कुरकुरत नाही. निम्मे १० वर आणि निम्मे ११० वर असले की कोपऱ्यावरची प्रत्येक चकमक वादात जाते, कारण बाहेर डोकावणारा समोरच्याला आधी दिसत नाही आणि त्याला मात्र समोरचा आधी दिसतो. ज्याचं नेट डळमळीत आहे त्याने गेम सेटिंग्जमध्ये पॅकेट बफरिंग (आलेली माहिती क्षणभर राखून मग वापरणं) एक पॅकेटवर न्यावं. सर्व्हर सेकंदाला ६४ टिकने चालतो (तितक्या वेळा खेळाची स्थिती ताजी करतो), म्हणजे यात साधारण १६ मिलिसेकंद जातात, पण झटके थांबतात. वाय-फाय सोडून केबल लावणं हा त्याहून चांगला उपाय, आणि तो कुणी करत नाही.

स्वतः सर्व्हर उभा करायचा असेल तर स्टीमसीएमडी या वाल्व्हच्या (गेम बनवणाऱ्या कंपनीच्या) साधनाने अ‍ॅप क्रमांक ७३० उतरवा. सीएस:गो या आधीच्या आवृत्तीच्या सर्व्हरचा क्रमांक ७४० होता. जुनी माहिती वाचून कामाला लागलेले तिथेच अडकतात. स्टीमवरून सर्व्हरचं लॉगिन टोकन काढायचं, गेमसाठी २७०१५ हे यूडीपी पोर्ट उघडायचं, आणि टीव्ही (प्रेक्षकांसाठी गेममधलंच प्रक्षेपण) वापरणार असाल तर २७०२० सुद्धा. सामन्याच्या आज्ञा सर्व्हर.सीएफजीमध्ये लिहिल्या आणि लागूच झाल्या नाहीत, ही नेहमीची तक्रार. मॅप चढताना त्या फाइलनंतर गेममोडची फाइल चालते आणि तुमचे आकडे पुसून टाकते. म्हणून सगळं गेममोड_कॉम्पिटिटिव्ह_सर्व्हर.सीएफजी या फाइलमध्ये लिहा. ती सर्वांत शेवटी वाचली जाते.

तिच्यात काय असावं? एमपी_मॅक्सराउंड्स २४ (एकूण फेऱ्या), एमपी_फ्रीझटाइम १५ (फेरीआधी जागेवर थांबून खरेदी करायचे सेकंद), बॉट_कोटा ० (संगणकी खेळाडू नकोत). एमपी_ऑटोटीमबॅलन्स आणि एमपी_लिमिटटीम्स ही दोन्ही शून्यावर, नाहीतर कुणाचं नेट गेलं की गेम मॉडरेटरलाच उचलून सभासदांत टाकतो. एमपी_ऑटोकिक शून्यावर, हे विसरलं की पाणी आणायला उठलेला खेळाडू निष्क्रिय म्हणून बाहेर फेकला जातो. फ्रेंडली फायर (आपल्याच साथीदाराला गोळी लागणं) चालू ठेवावा असं माझं मत. बंद केला की सगळे एकमेकांच्या पाठीतून गोळ्या झाडायला लागतात आणि मोलोटोव्ह (आगीचे बॉम्ब) कुठेही पडतात. नाहीतरी मित्राच्या गोळीने इजा एक तृतीयांशच होते. ओव्हरटाइम (बरोबरीनंतरच्या जादा फेऱ्या) बंद. १२–१२ बरोबरी हा अशा सामन्याचा सगळ्यात छान निकाल आहे, तो कशाला मोडायचा? एमपी_स्पेक्टेटर्स_मॅक्स मुळात २ असतो, त्यामुळे समालोचक आणि पंच यांच्यानंतर तिसरा आत येत नाही, गरजेप्रमाणे वाढवा. आणि एमपी_वॉर्मअप_पॉझटायमर १. वॉर्मअपचं (सामन्याआधीच्या सरावाचं) घड्याळ थांबवलं नाही तर आठच जण असताना सामना सुरू होतो आणि पिस्तूलची (पहिली) फेरी वाया जाते. दहा जण आले, दोन्ही कर्णधारांनी होकार दिला, की एमपी_वॉर्मअप_एंड.

बाजू ठरवणारी चाकूची फेरी, तयार असल्याची नोंद, पॉझ हे सगळं आपोआप हवं असेल तर मॅचझी नावाचं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा जादा प्रोग्राम) आहे. मॅचझी काउंटरस्ट्राइकशार्प या प्लगइनवर चालतं आणि काउंटरस्ट्राइकशार्प मेटामॉडवर. तीन मजल्यांची ही इमारत वाल्व्हच्या अपडेटने कोसळते. अपडेट गेमइन्फो.जीआय ही फाइल पुन्हा मूळ रूपात आणतं, तिच्यातली मेटामॉडची ओळ उडते, आणि सर्व्हर अगदी व्यवस्थित सुरू होतो, फक्त एकही प्लगइन चढलेलं नसतं. ती ओळ परत घालायची, तीही नुसत्या सीएसगो फोल्डरच्या ओळीच्या वर. कधी कधी गेममधल्या बदलामुळे प्लगइनचीच नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून प्लगइनशिवायची कॉन्फिग फाइल तयार ठेवावी. चाकूची फेरी तर शब्दावरही होते: सगळ्यांनी पिस्तूल टाकून द्यायचं, जिंकणाऱ्याने बाजू निवडायची, मग एमपी_रीस्टार्टगेम १. अपडेटची आणखी एक कटकट अशी की खेळाडूंचा गेम आपोआप नवा होतो आणि सर्व्हर जुनाच राहतो. मग कुणालाच आत येता येत नाही. सामन्याच्या तासभर आधी सर्व्हर अद्ययावत करून स्वतः एकदा आत जाऊन या.

पत्ता आणि पासवर्ड जाहीर ठिकाणी टाकू नये. सामन्याच्या पंधरा मिनिटं आधी दहा खेळाडू, राखीव आणि पंच यांनाच पाठवा. राखीव प्रत्येक बाजूला दोन हवेत, कारण ऐनवेळी दांडी मारणारा निघतोच. आरकॉनचा (दुरून सर्व्हरला आज्ञा द्यायचा) पासवर्ड मात्र न खेळणाऱ्या पंचाकडेच असावा. मॉडरेटर खेळतोय आणि सर्व्हरही त्याच्याच हातात आहे, मग त्याने कितीही प्रामाणिकपणे पॉझ घेतला तरी समोरच्यांना तो सोयीचा वाटतो.

प्रक्षेपण करणार असाल तर टीव्ही_एनेबल १ हे मॅप चढण्याआधीच लागतं. नंतर टाकलं तर मॅप पुन्हा चढवावा लागतो. टीव्ही_डिले ९० सेकंद ठेवा. समालोचकाने थेट सर्व्हरमध्ये बसून प्रक्षेपण केलं तर कुणाचा तरी मित्र ते बघून जागा सांगतो, आणि सांगितलं नाही तरी संशय उरतोच. टीव्ही स्वतः एक जागा खातो, म्हणून दहा खेळाडूंसाठी निदान बारा-तेरा जागांचा सर्व्हर घ्या. टीव्ही_ऑटोरेकॉर्ड १ केलं की डेमोही (सामन्याचं रेकॉर्डिंग) साठतो. चीटिंगचा आरोप झाला तर सामना थांबवून भांडण्यापेक्षा ‘डेमो बघू’ म्हणायचं आणि खेळत राहायचं. बहुतेक आरोप डेमो उघडण्याआधीच विरतात.

बोलण्यासाठी डिस्कॉर्डवर दोन संघांच्या दोन खोल्या आणि समालोचकांची तिसरी. गेममधला व्हॉइस वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: एसव्ही_ऑटो_फुल_ऑलटॉक ने सुरू होणारी एक लांबलचक सेटिंग आहे, ती चालू असली की वॉर्मअप, मध्यंतर आणि शेवट या वेळी सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू जातं. ती चालूच ठेवावी, खरी थट्टामस्करी तिथेच होते. फक्त दुसऱ्या हाफचे डावपेच मध्यंतरात मोठ्याने आखू नका.

खेळ एकतर्फी होण्याचं दुसरं कारण पैसा. नेम बरा असलेला पण एकत्र न खेळलेला संघ प्रत्येक फेरीत थोडं थोडं विकत घेतो आणि कायम अर्धवट सज्ज राहतो. हिशेब बघा. पहिल्या फेरीचे ८०० खर्च झाले, फेरी हरली, की प्रत्येकाला १९०० मिळतात. दुसऱ्या फेरीत काहीही न घेता हरलं तर आणखी २४००, म्हणजे तिसऱ्या फेरीला हातात ४३००. एके-४७ चे २७००, हेल्मेटसह चिलखत १०००, उरले ६००: एक स्मोक ३०० ला आणि एक फ्लॅश (डोळे दिपवणारा ग्रेनेड) २०० ला. सीटीला एम४ए१-एस ही रायफल २९०० ला पडते. चिलखत धरून ३९००, उरलेल्या ४०० मध्ये डिफ्यूज किट (बॉम्ब लवकर निकामी करायचं साधन) बरोबर बसतं. हेच दुसऱ्या फेरीत तिघे १२५० ची एमपी९ (छोटी मशीनगन) घेऊन मेले की तिसऱ्या फेरीतही पाच जणांत दोघांकडेच रायफल आणि चिलखत दोन्ही दिसतात. २४ फेऱ्यांच्या सामन्यात अशा दोन फेऱ्या घालवणं परवडत नाही. तेव्हा प्रत्येक संघात एकाने फक्त ‘घ्या’ किंवा ‘राखा’ एवढंच सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बाकी डावपेच नसले तरी चालतात.

सामना मध्येच तुटला तर? एमपी_पॉझ_मॅच टाकलं तरी चालू फेरी थांबत नाही, पुढच्या फ्रीझटाइमला खेळ थांबतो. घाबरून आज्ञा तीनदा टाकू नका. सर्व्हरच बंद पडला तर दर फेरीची नोंद बॅकअप_राउंड०७.टीएक्सटी अशा नावांनी ठेवलेली असते. ०७ म्हणजे सात फेऱ्या झालेल्या, तिथून आठवी सुरू होते. एमपी_बॅकअप_रिस्टोअर_लोड_फाइल पुढे फाइलचं नाव दिलं की स्कोअर, पैसे, शस्त्रं सगळं परत येतं आणि खेळ पॉझमध्ये उघडतो. जुन्या सामन्यांच्या फाइलींचीही हीच नावं असतात, म्हणून सुरुवातीला फोल्डर रिकामं करा. नाहीतर कालच्या सामन्याची पंधरावी फेरी उघडून बसाल.

पाऊण तास एका मॅपला, अर्धा तास जमवाजमवीला, असं धरून दोन तासांची संध्याकाळ ठेवा आणि दुसरा मॅप मिसळलेल्या संघांनी खेळा: एमपी_स्क्रॅम्बलटीम्स, मग रीस्टार्ट. राखीव आणि समालोचक यांना इथे आधी जागा द्यायची. त्याआधी टीव्ही_स्टॉपरेकॉर्ड देऊन पहिल्या सामन्याचा डेमो बंद करून उतरवून घ्या. काहीशे एमबीची फाइल असते, आणि भाड्याच्या सर्व्हरची मुदत संपली की तीही जाते.