वीरगळाचा कृष्णधवल फोटो: उन्हाच्या कोनापासून प्रिंटपर्यंत

रंगीत फोटोत वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, हटकून फसतो. काळपट बेसाल्ट, त्यावर दगडफुलाचे पांढरे-पिवळे डाग, शेंदराचे पट्टे, मागे हिरवं गवत. नजर रंगातच अडकते आणि कोरीवकाम मागे पडतं. म्हणून मी हे काम एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मवर करतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 125 म्हणजे संथ फिल्म, पण दगड कुठे पळून जात नाही. ट्रायपॉड मात्र हवाच.

आधी दगड वाचायचा, तोही खालून वर. सहसा सर्वांत खाली आडवा पडलेला वीर असतो. गुरं राखताना मेला असेल तर शेजारी गाई. त्याच्या वर लढाई, मग त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. काही ठिकाणी क्रम थोडा बदलतो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्या 13व्या शतकातल्या संघर्षाशी काही संशोधक तिचा संबंध जोडतात. तिथे आकृत्या इतक्या दाटीच्या आहेत की पूर्ण दगडाच्या एका फोटोत भागत नाही, प्रत्येक पट (आडवा कोरीव कप्पा) 100 मिमी लेन्सने वेगळा घ्यावा लागतो. चंद्र-सूर्याखाली लेख आणि त्याखाली गाढव दिसलं, तर तो गधेगळ. त्यात मृत्यू नाही, दान मोडणाऱ्याला शिवी आहे.

खरा खेळ उन्हाचा. उठाव जेमतेम बोटभर असतो, त्यामुळे समोरून ऊन आलं की सगळं सपाट होतं. ऊन दगडाच्या पृष्ठाला घासून, दहा-पंधरा अंशांत यायला हवं. पूर्वेला तोंड असलेला दगड सकाळी सुंदर उजळतो, पण फोटोसाठी निकामी. तो साडेअकरा-बाराच्या सुमारास घ्यायचा, ऊन वरून घसरत येतं तेव्हा. दक्षिणेचा दगड हिवाळ्यात सकाळी लवकर किंवा मावळतीला. उत्तराभिमुख दगडाची पंचाईत असते. पुण्याच्या अक्षांशावर शून्य सावलीचा दिवस, म्हणजे माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर, मेच्या मध्याला येतो; त्यानंतर सूर्य माध्यान्ही किंचित उत्तरेला असतो आणि पावसाचे ढग येईपर्यंत दुपारी थोडी संधी मिळते. नाहीतर आरसा! दगडावर काळ्या कापडाची सावली धरायची आणि दोन फुटी साध्या आरशाने बाजूने ऊन फेकायचं. आरसा हळूहळू फिरवला की अचानक तलवारीची मूठ, अप्सरेचा हात उठून दिसतो. तिथेच थांबायचं.

दगडाला खडू, पीठ, तेल, पाणी काही लावायचं नाही. मऊ ब्रशने धूळ झाडली की पुरे. दगडफूल खरवडायचं नाही. खालचा पट मातीत अर्धा गाडलेला असला तरी उकरायचं नाही.

फिल्टर न लावता शेंदूर आणि दगड जवळजवळ एकाच करड्या छटेत येतात. लाल फिल्टरने शेंदूर पांढराफटक पडतो आणि चेहरा जातो. हिरव्या फिल्टरने तो गडद होतो. शेंदूर नसेल तेव्हा पिवळा-हिरवा फिल्टर, त्याला साधारण एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश लागतो. कॅमेरा दगडाला समांतर ठेवायचा. दगड कललेला असेल तर कॅमेराही तेवढाच कलवायचा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११. प्रकाशाची मोजणी कोरीव सावलीवर करून तिथून दोन स्टॉप कमी करतो. मीटरचं सरळ ऐकलं तर ही सावली राखाडी येते आणि उठाव मरतो.

फिल्म डी-७६ या डेव्हलपरमध्ये, एकास एक पाणी घालून, 20 अंशांना 11 मिनिटं. कडक उन्हातल्या फिल्मला पंधरा टक्के कमी. एप्रिलमध्ये आपल्याकडे नळाचं पाणीच तिशीला टेकतं, तेव्हा बर्फाची बंद पिशवी टाकलेल्या टबात सगळ्या बाटल्या ठेवायच्या. 20 जमत नसेल तर 24 अंशांना साधारण 8 मिनिटं चालतं, पण मग फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवं. फिल्म थंडातून एकदम कोमटात गेली की इमल्शनला, म्हणजे तिच्यावरच्या थराला, सुरकुत्या पडतात, त्या नंतर काही केल्या जात नाहीत. शेवटचं पाणी बोअरचं नको, क्षारांचे डाग राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात वेटिंग एजंटचे (पाणी डाग न ठेवता निथळू देणारं द्रव) दोन थेंब.

प्रिंट मल्टिग्रेड कागदावर, ग्रेड (काळ्या-पांढऱ्यातला फरक) अडीचपासून. पाच-पाच सेकंदांच्या पट्ट्या काढून वेळ ठरवायची. इथे मोह होतो तो खालचा पट काळाकुट्ट करण्याचा. मृत्यू आहे ना, मग अंधार! पाथरवटाने तसं केलेलं नाही. मेलेला वीर त्याने वरच्या पटांइतक्याच स्वच्छ छिन्नीने कोरलाय, त्याचे डोळे, कमरेची कट्यार सगळं मोजता येईल असं. म्हणून मूळ वेळ 16 सेकंद असेल तर खालच्या पटावर तीनेक सेकंद हात धरून प्रकाश अडवतो, कारण तो मातीजवळ आधीच सावलीत असतो. उलट चंद्र-सूर्याला दोन सेकंद जास्त देतो. माथा कोरा पडला तर आकाशात विरून जातो. ग्रेड तीनच्या वर गेलं की फोटो भेदक दिसतो खरा, पण दगडाचा पोत जातो आणि उरतं ते पोस्टर.

आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) कागद असेल तर डेव्हलपरमध्ये एक मिनिट, डेव्हलपिंग थांबवणाऱ्या स्टॉप बाथमध्ये दहा सेकंद, फिक्सर एकास चार पाण्यात तीस सेकंद, धुणं दोन मिनिटं. जपून ठेवायची प्रिंट फायबर कागदावर. तिला धुण्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. घाई केली तर काही वर्षांनी पिवळे डाग उठतात. प्रिंट टिकावी म्हणून सेलेनियम टोनिंग करणार असाल तर हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने गाव, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला, महिना, वेळ आणि आरसा वापरला का, एवढं लिहितो. बहुतेक वीरगळांवर वीराचं नाव नसतं, त्यामुळे ती जागा कोरी सोडतो.