आमची वाटचाल : मॉडेलसाठी जादा ठोकळे निवडताना

आमचा व्यवसाय वास्तूंची मॉडेल्स करून देण्याचा. सुरुवात पुठ्ठा, फोमबोर्ड आणि ॲक्रिलिकपासून झाली. मॉडेल सुबक व्हायचं, पण आर्किटेक्ट म्हणाले, "हा मजला जरा मागे घेऊन बघू या," की अख्खी भिंत नव्याने कापायला घ्यावी लागे. चर्चा चालू असतानाच हाताने बदलता येईल असं मॉडेल द्यायचं, या इच्छेतून आम्ही लेगोच्या ठोकळ्यांकडे वळलो. आता बहुतेक काम त्यांतच होतं. नव्याने या कामात उतरणारे आम्हाला एकच प्रश्न विचारतात : सेट तर घेतला, आता जादा ठोकळे कोणते घ्यायचे?

आर्किटेक्टसाठी ठोकळे ही कल्पना तशी जुनी आहे. वर उंचवटे आणि आत नळ्या, ही आजची पकड लेगोने १९५८ साली पेटंट केली. पुढे १९६३च्या सुमारास त्याच कंपनीने खास आर्किटेक्टसाठी मोड्युलेक्स नावाचे छोटे ठोकळे काढले. त्यांचं मूळ माप ५ मिलिमीटर होतं, कारण नेहमीच्या ठोकळ्याची मापं नकाशाच्या प्रमाणांशी सहज जुळत नाहीत. मोड्युलेक्स पुढे बंद झाले, ती अडचण मात्र राहिली. २००८ साली लेगोची आर्किटेक्चर मालिका (प्रसिद्ध इमारतींचे सेट) आली, आणि २०१३ साली पांढऱ्या व पारदर्शक १,२१० तुकड्यांचा आर्किटेक्चर स्टुडिओ हा सेट. आमचा पहिला साठा तोच. त्यात प्रकार भरपूर, पण एकेका प्रकाराचे नग मोजके. एक लांब दर्शनी बाजू करायला घेतली की हवा तो तुकडा संपलेला असे. जादा ठोकळ्यांचा विचार आम्ही तिथून करू लागलो.

आमचं ठाम मत असं की, जादा ठोकळे मागवण्याआधी एका मजल्याची उंची ठरवावी. दोन स्टडमधलं, म्हणजे ठोकळ्यावरच्या दोन उंचवट्यांमधलं, अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ आणि प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, ३.२, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ठोकळा. आता ३ मीटरचा मजला घ्या. १:२०० प्रमाणात तो १५ मिलिमीटर होतो आणि पाच प्लेट १६ भरतात. दहा मजल्यांत हा फरक १० मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्षातले २ मीटर. मजले कमी-जास्त प्लेटचे करून फरक भरून काढता येतो, पण मग ते डोळ्यांना असमान दिसतात आणि इमारतीची लय बिघडते. आम्ही प्रमाणच बदलतो. पाच प्लेटचा मजला धरला की १:१८७.५ येतं, त्यात एक स्टड, म्हणजे ते ८ मिलिमीटर अंतर, दीड मीटरचा आणि एक प्लेट ६० सेंटिमीटरची. सगळी मापं नीट बसतात. मोठ्या परिसराच्या मॉडेलला मजल्यामागे एकच ठोकळा पुरतो. तिथे प्रमाण १:३१२.५, स्टड अडीच मीटरचा आणि प्लेट बरोबर एक मीटरची. हे प्रमाण आम्ही मॉडेलच्या पायावर स्पष्ट लिहितो.

एवढं ठरलं की यादी जवळजवळ आपोआप तयार होते, आणि ती बारीक तुकड्यांची असते. मोठे ठोकळे दिसायला आकर्षक असले तरी ते फक्त आतला गाभा भरायला लागतात. तिथे कोणत्याही रंगाचे, वापरलेले ठोकळेसुद्धा चालतात. इमारत ओळखू येते ती १×१ आणि १×२ (रुंदी-लांबी स्टडमध्ये) प्लेट, टाइल आणि जंपर यांवरून. टाइल म्हणजे वर स्टड नसलेली गुळगुळीत प्लेट. जंपर म्हणजे दोन स्टडच्या जागेत मधोमध एकच स्टड असलेली प्लेट. तिच्यामुळे भिंत अर्ध्या स्टडने, ४ मिलिमीटरने आत-बाहेर सरकते. खिडकीची खोली, गॅलरीची कड, खांबामागची सावली हे सगळं त्या ४ मिलिमीटरमधून येतं. आम्हाला एकच प्रकार निवडायला सांगितला तर आम्ही जंपर निवडू.

टाइलकडे फक्त शोभेची वस्तू म्हणून पाहू नये. १:३१२.५ प्रमाणात उघडा राहिलेला स्टड हा गच्चीवरचा सुमारे अर्धा मीटर उंचीचा उंचवटा ठरतो, तोही दर अडीच मीटरवर. गच्ची, रस्ता, चौक जिथे सपाट आहेत तिथे ते सपाटच दिसले पाहिजेत.

बाजूला स्टड असलेले ठोकळे आणि काटकोनी ब्रॅकेटही भरपूर ठेवावेत. पाच प्लेटची उंची दोन स्टडच्या रुंदीइतकीच, १६ मिलिमीटर, असल्यामुळे आडवं लावलेलं काम उभ्या कामात फट न राहता बसतं. बाजूला वळवलेल्या जाळीच्या टाइल्सनी सनशेड फार सुंदर दिसतात. काचेच्या भागासाठी पारदर्शक १×२ ठोकळा घेताना आत दांडा नसलेला घ्यावा. काच स्वच्छ दिसते. पारदर्शकावर पारदर्शक मात्र फार घट्ट बसतो, म्हणून आम्ही मधे पांढरी प्लेट घालतो, आणि तोच मजल्याचा स्लॅब होतो.

रंगांचा मोह आम्ही धरला नाही. मुख्य इमारत पांढरी, शेजारच्या इमारती फिक्या राखाडी. राखाडी जुन्या साठ्यातून घेताना जपावं : २००४च्या सुमारास लेगोने ही छटा निळसर केली, आणि जुनी-नवी शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. पांढरा उन्हात पिवळा पडतो, त्यामुळे वापरलेला माल दिवसाच्या उजेडात पाहूनच घ्यावा आणि पकडही तपासावी. दर्शनी भागासाठी आम्ही नवाच वापरतो.

मागणी नावाने न देता क्रमांकाने द्यावी. बहुतेक तुकड्यांवर क्रमांक कोरलेला असतो : १×१ प्लेट ३०२४, १×२ प्लेट ३०२३, १×१ टाइल ३०७०. संगणकावर मॉडेल उभं केलं की नेमकी यादी मिळते. बारीक तुकडे आम्ही त्याहून दहा टक्के जास्त घेतो, कारण चर्चेत होणारे बदल नेमके तिथेच होतात. आमच्याकडच्या मुली-मुलांनी हे सगळे कप्पे आकारानुसार लावले आहेत, आणि बैठकीला जाताना मॉडेलसोबत जंपर आणि टाइलचा छोटा डबा जातोच. आर्किटेक्ट स्वतः हात घालून मजला सरकवतात, तेव्हा आम्हाला फार समाधान वाटतं.

सध्या वक्र भिंतींवर काम चालू आहे. १×२ ठोकळे आणि गोल १×१ ठोकळे आलटून-पालटून रचले की भिंत सांध्यांतून हलकेच वळते. भिंत एकूण किती वळेल हे तिच्या लांबीवर ठरतं. पुढच्या मागणीत गोल १×१ सर्वांत वर आहेत, फक्त पांढरे.