आठ दिवस थांबा

बांध कोणी कोरला, हे नांगरटीनंतर दोन-चार दिवसांत जाऊन बघितलं तर लगेच कळतं. ज्या अंगाने फाळ लागलाय ती कड उभी, विळ्याने कापल्यासारखी दिसते. हरळीच्या आणि कुंद्याच्या मुळ्या हवेत लोंबत असतात, तुटलेलं टोक ओलं, पांढरं असतं. पलटी नांगराचं ढेकूळ कोणत्या बाजूला पडलंय तेही बघायचं. पण एकदा त्यावरून ढेकळं फोडणारा रोटाव्हेटर फिरला की सगळं पीठ. मग साक्षात खंडोबा पंच म्हणून आला तरी सांगू शकणार नाही.

मी पोलीस पाटील आहे. हे सगळं मला पाठ असूनही 2009 च्या उन्हाळ्यात मी काय केलं, ते आज लिहितोय.

आर. आर. आबा गृहमंत्री असताना, 15 ऑगस्ट 2007 पासून, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे वहीत उतरवायचे आणि समोरासमोर बसवून मिटवायचे. नंतर मूल्यमापन, 200 पैकी गुण आणि लोकसंख्येच्या हिशोबाने लाखांत बक्षीस. आता लोक हसतात, म्हणतात सगळं कागदी होतं. तसं नव्हतं. वर्षानुवर्षं तारखा खाणारी माणसं आमच्या चावडीवर चहा पिऊन मोकळी झाली. सासरहून परत आलेल्या दोन मुली पुन्हा नांदायला गेल्या. (त्यातली एक वर्षभरात परत आली. वहीत तो रकाना नव्हता.)

तात्या आणि नाना सख्खे चुलत. मधे एकच बांध, लांबी 330 फूट. तात्यांचं म्हणणं, नानाने दोन फूट आत घेतलं. हिशोब केला तर अर्ध्या गुंठ्याहून जरासं जास्त. त्यापायी अकरा वर्षं बोलणं बंद, एकमेकांच्या मयताला कोणी गेलं नाही. समितीने दोघांना मोजणीला राजी केलं, ही आमची खरी कमाई. मोजणीदार प्लेन टेबल, म्हणजे मोजणीचा तिपाई फळा, घेऊन आला, हद्दीचे जुने दगड सापडेनात म्हणून तात्यांच्या विहिरीचा कोपरा धरून त्याने ताळा घेतला, चुन्याची फक्की मारली, नव्या दगडांच्या खुणा कायम केल्या. विहिरीच्या कोपऱ्यापासून दगडापर्यंत 24 फूट. टेप मी स्वतः धरला होता. नानाने मान्य केलं, तडजोडनाम्यावर सह्या झाल्या, नारळ दिले-घेतले, गळाभेटीचा फोटो निघाला. फोटोत तात्यांचे हात खालीच आहेत, हे मला फार उशिरा दिसलं.

मूल्यमापनाला बाहेरच्या जिल्ह्यातली समिती येणार होती. त्याच्या आठवडाभर आधी रात्री नऊला तात्या दारात.

"पाटील, दगड हालला. दीड फूट."

मी बॅटरी घेऊन गेलो. कड उभी, मुळ्या ओल्या, ढेकूळ नानाच्या अंगाला. पुरावा याहून स्वच्छ मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"सकाळी ठाण्यात जाऊ. एन.सी. तरी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतील," तात्या म्हणाले.

आणि मी म्हणालो, "तात्या, आठ दिवस थांबा."

कारण सांगायची गरज पडली नाही, त्यांना कळलं. वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फलक आधीच रंगवून ठेवला होता. आमच्या समितीचे अध्यक्ष तर रोज वह्यांना नवीन खाकी कव्हरं घालत होते. मिटलेल्या तंट्याची पुन्हा नोंद म्हणजे गुण जाणार. तात्या एवढंच म्हणाले, "बरं." थांबले.

आठव्या दिवशी समिती येऊन गेली. नवव्या दिवशी मी बांधावर गेलो तर रोटाव्हेटर फिरलेला. कड नाही, मुळ्या नाहीत. तात्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आता काय लिहिणार त्यात?" तक्रार त्यांनी कधीच दिली नाही. गावाला बक्षीस मिळालं. त्या बांधावरून डोकंही फुटलं नाही, हेही खरं. तेव्हा शांतता होती का, असं कोणी विचारलं तर मला 'नाही' म्हणता येत नाही. अडचण तीच आहे.

मोहिमेला ज्यांचं नाव, त्या गांधींच्या वकिलीतला एक खटला मी नंतर वाचला. दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ, तेही नातेवाईकच; गांधी दादा अब्दुल्लांच्या बाजूने. गांधींनी दोघांना लवादाला राजी केलं. दादा अब्दुल्ला जिंकले, तय्यब शेठवर 37,000 पौंड आणि वर खर्च. एकरकमी द्यायचे म्हटले असते तर माणसाचं दिवाळं निघालं असतं. म्हणून गांधींनी जिंकलेल्या पक्षाकडून लांब मुदतीचे हप्ते मान्य करून घेतले, आणि लवादाला राजी करण्यापेक्षा हे अवघड गेलं असं लिहून ठेवलं. आमच्या वहीत सहीचा दिवस होता, फोटो होता, नारळाचा खर्चसुद्धा होता. हप्त्यांसाठी पान नव्हतं. नांगरटीच्या दिवशी बांधावर कोण उभं राहणार, हे कोणी लिहिलं नाही. मलाही सुचलं नव्हतं, बक्षिसाच्या घाईत कोणाला सुचतं?

2010 पासून दर उन्हाळ्यात नांगरट सुरू झाली की मी तिथे जातो. कोणी सांगितलेलं नाही, डायरीत नोंद नाही. विहिरीच्या कोपऱ्यापासून टेप लावतो. साडेबावीस फूट. गेल्या मे महिन्यातही साडेबावीसच. नानाचा मुलगा ट्रॅक्टर थांबवून बघत राहतो, तात्या ओट्यावरून. टेपचं टोक धरायला दोन्हीकडून कोणी येत नाही, म्हणून मी त्यावर दगड ठेवतो.