कपाटातल्या आयोडीनच्या गोळ्या

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मी सहज कपाटातलं पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्यांचं पाकीट दाखवलं, तर आई म्हणते, "अशा जागी घर काहून घेतलं बाप्पा?"

आम्ही राहतो कॅनडात, टोरांटोच्या पूर्वेला, पिकरिंग अणुवीज केंद्रापासून १० किमीच्या आत. या पट्ट्यातल्या घराघरात ह्या गोळ्या आधीच पोचवतात, ५० किमीपर्यंतच्यांना मागितल्या की फुकट मिळतात. किरणोत्सर्गावरची जादूची गोळी वगैरे नाही हां ही. थायरॉइड साध्या आयोडीनने भरून टाकते, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनला आत जागाच उरत नाही, बस एवढंच, सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थांवर काही उपयोग नाही. घ्यायची ती पण वरून सांगितल्यावरच, आणि लहान पोरं अन् गरोदर बायांचा नंबर पहिला. चेर्नोबिलच्या अणुअपघातानंतर पोरांना थायरॉइडचा कॅन्सर झाला तो मुख्यतः दूषित दुधामुळे, म्हणून दूध थांबवणं पण अशा प्लॅनमध्ये येतंच.

पण खरी गोची गोळीत नाही, निरोपात आहे. १२ जानेवारी २०२०, रविवारची सकाळ, साडेसात पण वाजले नव्हते आणि अख्ख्या ऑन्टारिओचे मोबाईल कोकलले, पिकरिंगमध्ये घटना घडलीय म्हणून. ट्रेनिंग चालू असताना चुकून गेलेला मेसेज होता तो! आणि "काही झालेलं नाही" हे मोबाईलवर यायला जवळपास पावणेदोन तास लागले. पुढच्या दोन दिवसांत ३२ हजारांवर लोकांनी गोळ्या मागवल्या.

हे ऐकून बाबांनी रेडिएशनचं काहीच विचारलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी गोसीखुर्द धरणाची ३३ दारं उघडली होती आणि वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं बुडवली, त्यांच्या डोक्यात तेच. म्हणे, "गोळ्या तं ठीक, पण कोणतं घर कुठवर येते हे तिथं आधीच सांगतेत का?" सांगतात. नकाशा असतो, पत्ता टाकला की कळतं आपण पट्ट्यात आहो का नाही. आपल्याकडे तारापूरसारख्या केंद्रांभोवती पण १६ किमीचं नियोजन असतं, मॉक ड्रिल होतात, पण नदीकाठच्या आमच्या गावात दवंडी आणि व्हॉट्सॲप, दोन्ही पाण्याच्या मागून येतात.

आता बाबा ग्रामसभेत विषय काढणार आहेत: २०२० ला पाणी चढलं त्या उंचीची रेघ शाळेच्या भिंतीवर मारा, अन् त्याखाली कोणाकोणाची घरं येतात ती यादी कोतवालाजवळ ठेवा. सरपंच म्हणाले, पेंटचे पैसे कोणत्या हेडमधून टाकायचे ते पाहतो.