नॉर्वेच्या थंडीची रंगीत तालीम, तळोज्यात

फेब्रुवारीच्या अखेरीस नॉर्वेत ट्रोम्सोला जाऊन मोटरहोम, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायचं ठरलं, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती कपड्यांची. मुलुंडमध्ये राहणाऱ्या माणसाला थंडी म्हटली की स्वेटरच आठवतो. पण माहिती काढत गेले तसं कळलं, की कपडे हा यातला सगळ्यात सोपा भाग. अंगावर लोकरीचे तीन-चार थर चढवले की माणूस निभावतो. खरी काळजी लागते ती पाण्याची. टाकीतलं पाणी, नळीतलं पाणी, सांडपाणी, श्वासातली वाफ, आमटीची वाफ. बाहेर उणे पंधरा असताना यातलं प्रत्येक पाणी कुठेतरी जाऊन गोठणारच. ते कुठे गोठेल हे आपण आधी ठरवायचं, एवढीच सगळी तयारी आहे असं माझं मत झालंय.

फेब्रुवारीच का, तर ट्रोम्सोत नोव्हेंबरच्या अखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. नवखं वाहन, बर्फाचा रस्ता आणि त्यात काळोख, हे तिन्ही एकदम नको होतं. ट्रोम्सो समुद्राकाठी असल्यामुळे तिथली थंडी त्या मानाने सौम्य असते. आम्हाला मात्र ई-८ रस्त्याने आत स्किबोत्न आणि पुढे फिनलंडच्या हद्दीतल्या किल्पिसयार्वीपर्यंत जायचं होतं. तिकडे आभाळ जास्त मोकळं असतं, म्हणून उत्तरप्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसायची शक्यता बरी, आणि म्हणूनच थंडीही कडक. तयारी उणे वीसची करायची असं आम्ही धरून चाललो.

कागदपत्रांचं फार काही सांगण्यासारखं नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढलं, अर्ज सारथी पोर्टलवर होतो, फी १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. एक गोष्ट मात्र नीट पाहावी. भाड्याच्या मोटरहोमची मर्यादा बहुधा ३,५०० किलोंची असते, आणि त्यात माणसं, सामान, गॅस, पाणी सगळं आलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे बॅगा भरताना लक्षात ठेवलं.

गाडी ठरवण्याआधी मी कंपनीला प्रश्नांचा एक लांबलचक मेल पाठवला. पाण्याच्या टाक्या दुहेरी तळाच्या आत आहेत का? सांडपाण्याची टाकी गरम राहते का? गॅस शुद्ध प्रोपेन आहे का? बॅटरी कुठे बसवली आहे? टायर खिळ्यांचे आहेत का? हे प्रश्न विचारायला कुणीही संकोचू नये. ज्या कंपनीने आम्हाला प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं तिचीच गाडी आम्ही घेतली, आणि तो निकष मला आजही योग्य वाटतो.

यातला गॅसचा मुद्दा आपल्याला पटकन सुचत नाही. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं, आणि मुंबईत ते बाराही महिने बिनतक्रार चालतं. पण ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश. त्याखाली ते द्रवच राहतं, सिलिंडर हलवून पाहिला तर भरलेला आणि शेगडी मात्र थंड. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं, म्हणून हिवाळ्यात प्रोपेनच हवं.

डिझेलचंही तसंच. उन्हाळी डिझेलमधलं मेण थंडीत साकळतं आणि फिल्टर तुंबतो. उत्तर नॉर्वेतल्या पंपांवर हिवाळ्यात हिवाळी डिझेलच मिळतं, त्यामुळे तिथेच गाडी घेणाऱ्याला काळजी नाही. दक्षिण युरोपातून टाकी भरून वर निघणाऱ्याने मात्र वाटेत स्थानिक डिझेल भरत जावं.

आणि बॅटरी. हीटर गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा आणि त्याचं नियंत्रण चालतं बारा व्होल्टवर. थंडीत बॅटरीची ताकद घटते. बॅटरी बसली की पंखा बंद, पंखा बंद की हीटर बंद, आणि हीटर बंद की पाणी गोठलं. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची खराब होऊ शकते, म्हणून ती उबेत, आतल्या बाजूला हवी. ही साखळी समजल्यावर आम्ही रात्रीचा मुक्काम विजेची जोडणी असलेल्या कॅम्पिंगवरच करायचा असं ठरवून टाकलं. रानात एकटं थांबण्याची हौस मुलीला होती. तिला ही साखळी कागदावर काढून दाखवली, आणि तिला ती पटली.

आता तळोजा. माझे धाकटे दीर तिथल्या एका मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यात आहेत. गोठवलेली कोळंबी उणे अठरा अंशांच्या खाली ठेवतात. मी त्यांना विचारलं, "भावजी, आमचे कपडे एकदा तुमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये घालून बघता येतील का?" त्यांनी साहेबांची रीतसर परवानगी काढली आणि एका रविवारी आम्हाला आत नेलं. दार लागताना म्हणाले, "वहिनी, दार आतूनही उघडतं बरं का. आणि बोटं दुखायला लागली की लगेच सांगायचं, धीर धरायचा नाही."

आत जे शिकायला मिळालं ते कुठल्याही वाचनातून मिळालं नसतं. जाड हातमोजे घालून कुलपात किल्ली जात नाही, नट फिरत नाही. शेवटी आत पातळ लोकरीचे हातमोजे आणि वरून मोठे मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे मोजे, अशी जोडी ठरली, मिटन गळ्यातल्या दोरीला अडकवलेले. बागेला पाणी घालायच्या प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा नेला होता, तो थोड्याच वेळात काठीसारखा ताठ झाला. तेव्हा टाकी पाइपने भरायचा विचार सोडला आणि कॅनने भरायचं ठरलं. तसंही हिवाळ्यात कॅम्पिंगवरचे बाहेरचे नळ बंद असतात, पाणी इमारतीच्या आतून आणावं लागतं. मोबाइलचं चार्जिंग डोळ्यांदेखत उतरत गेलं.

सगळ्यात मोठा धडा मिळाला बाहेर पडताना. दमट हवेत पाऊल टाकताक्षणी चष्मे पांढरे झाले, कॅमेऱ्यावरून पाणी ओघळायला लागलं. दुसरा कॅमेरा आतच असताना झिपच्या पिशवीत बंद केला होता, तो कोरडा राहिला. थंड पृष्ठभाग आणि दमट हवा भेटली की पाणी होणारच. मोटरहोममध्ये दमट हवा आपण आत तयार करतो आणि थंड काच बाहेरच्या बाजूने येते, एवढाच फरक. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी पाहिलेल्या मुंबईकराला ओल काय करते हे शिकवावं लागत नाही. मला तर वाटतं, या बाबतीत आपण थंड देशातल्या माणसांपेक्षा सावध असतो.

त्या दृष्टीने स्वयंपाकाचा विचार केला. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. हीटरचा धूर धुराड्यातून बाहेर जातो, शेगडीची वाफ मात्र सगळी आत. एक माणूस झोपेत रात्रभरात श्वासातून पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो, आणि आम्ही तिघं. म्हणून उकळत ठेवायचे पदार्थ टाळले. भाजलेल्या रव्याचं उपम्याचं पीठ, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि छोटा कुकर एवढं घेतलं. कुकरची वाफ शिट्टी होण्याआधीच आच मंद करून आवरता येते. तूप आणि पेढे घरीच ठेवले. युरोपबाहेरून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि तूप त्यातच मोडतं. सासूबाईंना याचं फार वाईट वाटलं. तिथलं लोणी घेऊन कढवीन असं सांगितल्यावर त्यांची समजूत पटली.

गाडी ताब्यात घेताना घाई अजिबात करू नये. गाडी दाखवणाऱ्या कंपनीच्या मुलाला आम्ही प्रत्येक गोष्ट दोनदा दाखवायला लावली आणि मुलीने व्हिडिओ काढले. ट्रुमा कंपनीच्या बॉयलरला, म्हणजे गाडीतलं पाणी तापवणाऱ्या यंत्राला, एक फ्रॉस्ट व्हॉल्व्ह असतो. त्याच्याजवळचं तापमान तीन अंशांच्या आसपास उतरलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी खाली सोडून देतो, म्हणजे बॉयलर फुटत नाही. तो बंद करायचा तर तिथली जागा आधी सात अंशांच्या वर गरम व्हावी लागते. म्हणून पाणी भरण्याआधी गाडी नीट तापवायची, हा क्रम पाळला. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म बटण दाबून वाजवून घेतला. छतावरचा बर्फ झाडायला लांब ब्रश मागून घेतला, कारण धुराडं आणि छतावरची झडप बुजली तर धोका जिवाशी असतो.

स्किबोत्नला पहिल्या मुक्कामी हात आपोआप चालत होते. गाडी गिअरमध्ये, चाकांना अडण्या, हँडब्रेक सोडलेला, कारण ओला ब्रेक गोठून चिकटतो. पुढच्या काचेवर बाहेरून जाड आवरण. स्वयंपाक करताना वरची झडप दोन बोटं उघडी, हीटर चालू असतानासुद्धा. ऊब थोडी जाते, पण ओल तिच्याबरोबर जाते. सकाळी गाद्या उचलून खाली हवा लागू द्यायची, काचा पुसायच्या आणि फडका बाहेर पिळायचा. सांडपाण्याच्या टाकीची तोटी आम्ही रात्रभर उघडीच ठेवत होतो आणि खाली रबरी बादली, म्हणजे टाकी रिकामी राहते आणि जे गोठायचं ते बादलीत गोठतं. सकाळी तो बर्फाचा गड्डा कॅम्पिंगच्या सांडपाण्याच्या जागी नेऊन टाकायचा, रस्त्याकडेला नाही.