चौथी मात्रा

गणपतीच्या आधी बाजारात यायची गाणी जुलैत रेकॉर्ड होतात. त्या दिवसांत अंधेरी पश्चिमेच्या गल्ल्यांतल्या लहान स्टुडिओंना दम घ्यायला फुरसत नसते. मला एका कोळीगीताला बेस गिटार वाजवायचा होता. निर्माता नवखा, बजेट बेताचं, पण गाण्याचं संगीत-संयोजन करणाऱ्या अरेंजरने एक हट्ट धरला होता: ढोलकी आणि बेस एकत्र वाजणार, एकाच वेळी.

आता यात विशेष काय, असं कुणी विचारेल. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये अख्खा वाद्यवृंद एका छताखाली बसायचा, तेव्हा विशेष काहीच नव्हतं. आज मात्र मला बहुतेक वेळा मेलवर क्लिक, म्हणजे लय धरायची टिकटिक, आणि कच्चा ट्रॅक येतो. मी घरी बेस वाजवतो, फाइल पाठवतो. ढोलकी कुणी वाजवली हे कळतच नाही. कित्येकदा ती माझ्यानंतर वाजते, म्हणजे मी जिच्याशी बोलायचं ती त्या वेळी खोलीत नसतेच.

ढोलकीवाले मामा लालबागहून आले होते. सत्तरीकडे झुकलेले, लावणीच्या फडात आणि ऑर्केस्ट्रात आयुष्य गेलेलं. बाहेर धो धो पाऊस, आत कडक एसी. सर्द हवेत उतरलेली ढोलकी एसीत चढायला लागली आणि मामा पान्याने नट सैल करत बसले. गाणं काळी पाचच्या पट्टीत होतं. शाईची बाजू षड्जाला मिळेपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात अरेंजर माझ्याजवळ आला. तिशीतला पोरगा, मला दादा म्हणतो.

"दादा, आज प्लेक्ट्रमने वाजवशील?"

प्लेक्ट्रम म्हणजे तारा छेडायला चिमटीत धरायचा छोटा चपटा तुकडा. मी बोटांनी वाजवणारा. तर्जनी आणि मधलं बोट, अंगठा तारांखालच्या पिकअपवर टेकलेला. प्लेक्ट्रम बॅगेत असतो, जांभळा टॉर्टेक्स, 1.14 मिलिमीटर जाडीचा. तो रॉकच्या कामाला बाहेर निघतो. कोळीगीताला निघालेला मला आठवत नव्हता.

बेसवाल्यांत या विषयावर फार जुनी भांडणं आहेत. प्लेक्ट्रम धरला की तो मूळचा गिटारवाला, बेसमध्ये घुसखोर, असं तोंडावर म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यांना मी कॅरल के यांचं नाव सांगतो. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये साठच्या दशकात त्यांनी प्लेक्ट्रमने जे काम करून ठेवलंय, ते ऐकल्यावर बोलणं संपायला हवं. दुसरी बाजू मग मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सनना पुढे करते. त्यांची उजव्या हाताची फक्त तर्जनी चालायची, त्या बोटाला 'हुक' म्हणायचे. मला यातली गंमत वेगळीच वाटते. 1951 साली लिओ फेंडरने जो प्रिसिजन बेस काढला, त्याच्यावर तारांच्या खालच्या बाजूला बोटं टेकायची पट्टी होती. म्हणजे बोटांनी पट्टी धरा आणि अंगठ्याने छेडा, अशी मूळ योजना. मूळ रीत कुठली यावरून भांडायचंच असेल तर दोन्ही पक्ष हरले.

अरेंजरला मी म्हटलं, "आधी बोटांनी एक टेक घेऊ. मग बघू."

टेक झाला. हेडफोनमध्ये छान गोल, भरलेला बेस. रेकॉर्डिस्टने तो एकदा मोठ्या स्पीकरवर ऐकवला आणि मग काही न बोलता स्वतःच्या फोनवर टाकून टेबलावर ठेवला. ढोलकी आली, गाणारीचा आवाज आला, टाळ आले. बेस गायब. काळी पाचचा खालचा षड्ज 58 हर्ट्झच्या आसपास. फोनच्या स्पीकरची तिथपर्यंत पोचच नाही, दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली त्यातून फारसं काही निघत नाही. त्या स्वराच्या वरच्या पटीतल्या लहरी भरपूर असल्या तर कान खालचा स्वर मनाने भरून घेतो. बोटाचं टोक मऊ आणि रुंद असतं, त्या वरच्या लहरी तिथेच विझतात. प्लेक्ट्रमची कड अरुंद आणि कडक, तार एका क्षणात सुटते, लहरी टिकतात. हे गाणं लोक ऐकणार फोनवर, म्हणजे अरेंजरचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं.

पण मामांची तक्रार फोनची नव्हती. काचेपलीकडून त्यांचा आवाज टॉकबॅकवर आला.

"मास्तर, तुमचा बेस माझ्या डाव्या हातात शिरतोय."

पुन्हा ऐकलं. ढोलकीची डावी बाजू मनगट दाबून घुमवतात, स्वर खालून वर सरकतो. तो घुमारा आणि माझा बोटांचा बेस एकाच जागेवर उभे होते. दोघंही गोल, दोघंही खाली. लोकलच्या चौथ्या सीटसारखी अवस्था, दोघंही अर्धे बाहेर. रेकॉर्डिस्ट म्हणाला, इक्यूने कापतो, म्हणजे एकाचा तेवढा खालचा पट्टा कमी करतो. पण कापणार काय? मामांचा घुमारा कापला तर ते कोळीगीत उरत नाही, आणि बेस कापला तर मला बोलावलंच कशाला?

प्लेक्ट्रम काढला.

पहिल्या चार ओळींतच फरक कळला. बेसला कड आली, घुमारा मोकळा झाला. फोनवरही सुरावट ऐकू येऊ लागली. अरेंजर खूश. दुसरी अडचण मात्र लगेच उभी राहिली. प्लेक्ट्रमची टकटक मामांच्या उजव्या हाताच्या बोलांवर आपटत होती. एकाच क्षणी दोन टोकदार आवाज आले की दोन्ही फाटके वाटतात. मग उजव्या तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीवर, टेकवून तारा अर्ध्या दाबल्या, आणि हात ब्रिजपासून थोडा गळ्याकडे सरकवला. टकटकीची धार गेली, सुरुवात तेवढी शाबूत राहिली. रेकॉर्डिस्टने मागच्या बाजूला तारांखाली स्पंजचा तुकडाही सरकवायला दिला. कॅरल के तारांवर फेल्ट ठेवायच्या, जेमर्सन ब्रिजच्या झाकणाखाली फोम. भांडणाच्या दोन टोकांना बसवलेली ही दोन माणसं आवाज दाबायच्या बाबतीत एकाच घरची. स्पंजने भागलं.

मला वाटलं काम झालं. तीन टेक झाले आणि मामा प्रत्येक वेळी धृपदानंतरच्या म्युझिकमध्ये थोडे अडखळत होते. एवढा मुरलेला माणूस! चौथ्या टेकला त्यांनी मधेच हात थांबवला.

"मास्तर, तुमची चौथी लंगडतेय."

त्या म्युझिकमध्ये बेसला सलग सहा स्वर होते, प्रत्येक मात्रेला एक. ठेका दादऱ्याच्या अंगाचा, तीन आणि तीन. एरवी मी पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर बसत होतो, तिथे प्रश्न नव्हता. सहाच्या सहा वाजवताना मात्र हात सवयीने खाली-वर, खाली-वर चालत होता. सहा मात्रांत हे मोजून बघा: पहिली मात्रा खालच्या झटक्यावर येते, चौथी वरच्या. खालच्या झटक्यात हाताचं वजन असतं, वरच्यात नसतं. दोन्ही सारखे काढण्यात प्लेक्ट्रमवाल्यांची वर्षं जातात, तरी वजनाचा थोडा फरक उरतोच. आणि चौथी मात्रा म्हणजे दुसऱ्या खंडाचं तोंड, मामांचा सगळा डोलारा तिच्यावर उभा.

मामांना हे दिसत नव्हतं. त्यांची जागा काचेमागे, पाठ माझ्याकडे. बेस प्लेक्ट्रमने कसा वाजवतात हे त्यांनी आयुष्यात कधी जवळून बघितलं नसेल. कानाला जो फरक मला आणि रेकॉर्डिस्टला लागला नाही, जो स्क्रीनवरच्या आलेखात कुणी शोधायलाही गेलं नव्हतं, तो त्यांच्या हाताला लागला. मात्रेवर जिथे टेकायचं तिथे जमीन थोडी खचत होती, एवढंच त्यांना कळत होतं.

मी काचेपाशी गेलो, प्लेक्ट्रम दाखवला, हात कसा फिरतो ते दाखवलं. मामांनी स्वतःच्या मांडीवर बोटं आपटून बघितली.

"मग चौथ्याला परत खालचाच झटका घ्या की. तिसऱ्यानंतर हात मोकळाच आहे तुमचा."

खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. आयर्लंडच्या जिगची चालही तीन-तीनचीच असते, आणि तिथले मेंडोलिन-बँजोवाले नेमका हाच हात वापरतात, हे मला ठाऊक होतं. कोळीगीतात तो कामाला येईल असं कधी मनात आलं नव्हतं. तिसरा आणि चौथा, दोन्ही झटके लागोपाठ खाली. सेकंदाला पाच-साडेपाच स्वरांच्या लयीत ते सोपं नाही, मनगट आखडतं. कॉरिडॉरमध्ये उभं राहून घोटत बसलो. मामांनी तोवर चहा आणि वडापाव संपवला.

पुढचा टेक आम्ही सलग वाजवला. म्युझिक आलं, सहाचे सहा स्वर गेले, आणि मामांनी चौथीवर असा काही तोडा टाकला की अरेंजर आत ओरडला. तो ओरडा रेकॉर्डिंगमध्ये गेला नाही, दार बंद होतं म्हणून.

अंतरा मी हट्टाने बोटांनी वाजवून ठेवला. तिथे ढोलकी थांबते, नुसते टाळ आणि गाणारीचा आवाज. वाट मोकळी असताना कड कशाला हवी? अरेंजर म्हणाला, "दोन्ही ठेवतो दादा, मिक्सला ठरवू."

गाणं आलं तेव्हा मी पहिला अंतरा लावला. प्लेक्ट्रम. फोन केला.

"मी बोटांचाच ठेवला होता," अरेंजर म्हणाला. "पण मामांना ऐकवलं, तर ते म्हणाले, मास्तरांचा तो दुसरा हात जास्त चांगला आहे."

माझं मत अजून बदललेलं नाही. तो अंतरा बोटांचाच हवा होता.